वाचनालयाच्या अंगणातलं बसायचं सामान : वर्षभराच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

अंगणातलं सगळं सामान आज उलटं करून पाहिलं. बाक सरळ उभा असला की धडधाकटच वाटतो. खराबी असते पायाच्या टोकाला, नाही तर बसायच्या पट्ट्यांच्या खालच्या अंगाला, आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. यादी अशी निघाली : दोन सागवानी बाक, चार लोखंडी पाइपांचे बाक, बांबूचा सोफा आणि त्याच्या दोन खुर्च्या, ओसरीतली बंगई (झोपाळा), तीन बाजा, प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक चळत आणि निंबाखालचा सिमेंटचा बाक.

वाचनालयाची खोली लहान. मार्चनंतर दुपारी आत बसवत नाही, संध्याकाळी वीज गेली की वाचणारे सगळे अंगणात. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत याच बाकांवर असतात. सकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं वेगळी. डुगडुगत्या बाकावर लिहिता येत नाही, आणि पट्टी मोडून म्हातारं माणूस पडलं तर ते अंथरुणालाच खिळतं. म्हणून हे सामान नीट असलंच पाहिजे.

आमच्या सिंदेवाही तालुक्यात (जिल्हा चंद्रपूर) वर्षाचे तीन तुकडे अगदी निराळे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात झडी लागतात, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाकावर हात ठेवला तर तळवा दवानं भिजतो. घरातल्या दिवाणाला यातलं काही सोसावं लागत नाही. यंदा ठरवलं की कामं सवडीनं करायची नाहीत, हंगाम पाहून करायची. जो पुढे हे काम बघेल त्याच्यासाठी इथे लिहून ठेवतेय.

५ फेब्रुवारी

लोखंडी बाकांपासून सुरुवात. वरून हिरवा रंग चांगला दिसतो. एका बाकाच्या मागच्या पायाला तळापासून बोटभर वर पेचकसाचं टोक टेकवलं आणि जरा दाबलं. टोक सरळ आत गेलं. ओढून काढलं तेव्हा त्याच्याबरोबर तपकिरी, ओलसर चुरा आला. दोन बोटांत चोळला तर माती आणि लोखंड वेगळं सांगता येईना. पाऊस संपून चार महिने झाले, तरी आत ओल आहे.

कारण उघड आहे. पाइपाचं खालचं तोंड रबरी बुचानं बंद. वर, जिथे बसायची पट्टी पायाला वेल्ड केली आहे, तिथे वेल्डिंगमध्ये टाचणीएवढी भोकं राहिलेली. पावसाचं पाणी तिथून आत उतरतं, खाली बुचात साचतं आणि वर्षभर बसून राहतं. म्हणजे लोखंड आतून सडतं आणि आपण बाहेरून रंग देत राहतो. असे पाय चारांपैकी तीन बाकांचे निघाले.

९ फेब्रुवारी

वेल्डिंगवाल्या भाऊंनी पायांचा सडलेला भाग कापून नवीन तुकडे जोडले. वरच्या सांध्यांमधली भोकं बुजवून घेतली. प्रत्येक पायाला, बुचाच्या जरा वर, आतल्या बाजूनं एक बारीक भोक पाडून घेतलं. पाणी आत शिरलंच तर तिथून निघून जाईल. भाऊंना आधी हे पटत नव्हतं, लोखंडाला मुद्दाम भोक कशाला म्हणाले. जुन्या पायाचा कापलेला तुकडा उभा चिरून त्यांना दाखवला, मग त्यांनीच चौथ्या बाकालाही पाडून दिलं.

१० ते १३ फेब्रुवारी

रंगकाम. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, मग पॉलिश पेपर, मग रॉकेलच्या कापडानं पुसणं. उघडं लोखंड रात्रभर तसं ठेवायचं नाही, दव पडलं की सकाळी त्यावर पिवळट गंज चढलेला असतो. म्हणून एका दिवसात जेवढं संध्याकाळपर्यंत रेड ऑक्साइडखाली झाकता येईल तेवढंच खरवडायचं.

रंगाची वेळ सकाळी दव उडून गेल्यावर, ऊन कडक व्हायच्या आत. संध्याकाळी दिलेला रंग दवात सापडला की त्याची चकाकी जाते. आणि मे महिन्यात तर लोखंडाला हात लावत नाही एवढं तापतं; रंग वरून लगेच सुकतो, आतलं थिनर अडकतं आणि फोड येतात. आमच्याकडे लोखंड रंगवायचा महिना फेब्रुवारीच. फार तर मार्चचा पहिला आठवडा.

हिरव्याऐवजी या वेळी फिकट बदामी रंग घेतला. गडद रंग उन्हात जास्त तापतो, आणि एप्रिलमध्ये चार वाजता त्या बाकांवर कोणी टेकत नसे.

२ मार्च

बांबूच्या सोफ्याखाली बारीक, पिवळसर पिठाचे छोटे ढीग. झाडून काढले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या बुरड काकूंनी सोफा केला होता त्यांना बोलावलं. त्यांनी कामटीला, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्टीला, नखानं टिचकी मारली, पीठ भुरभुरलं. “आत बसून खाऊन राह्यला तो. ही कामटी अन् ही, दोन्ही काढा लागन. बाकीची वाचते.”

बांबूत स्टार्च असतो, घुण त्याच्यासाठीच येतो. कोवळ्या बांबूला तो लवकर लागतो, म्हणून निदान तीन वर्षांचा बांबू लागतो, आणि तोही पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला. तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की स्टार्च बराच निघून जातो. तळ्याच्या काठाला त्या पाण्याचा जो वास सुटतो तो त्याचाच. हे सगळं बुरडांच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. आपण घाईनं माल मागतो तेव्हा ते टाळलं जातं.

५ मार्च

काकूंनी दोन कामट्या बदलल्या. मग बोरॅक्सचं पाणी केलं : १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर. कोमट पाण्यात नीट विरघळतं. तयार सोफा पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून ब्रशनं सगळीकडून तीनदा दिलं, आणि जिथे घुणाची भोकं दिसली तिथे जनावरांच्या इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं आत सोडलं. सिरिंज त्यानंतर फेकून दिली, आणि पुरे वाळेपर्यंत सोफा पोरांपासून दूर, मागच्या छपरीत ठेवला.

ही दवा पाण्यात विरघळते, म्हणजे पावसातही धुऊन जाते. वरून वार्निशचे दोन हात दिल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही. आणि वार्निश दिलं तरी बांबूचा सोफा जूननंतर ओसरीतच राहणार. बांबू उघड्या पावसात टिकतो असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नये.

नवीन दोन खुर्च्यांसाठी बांबू लागेल. तो आता तोडायचा नाही, हिवाळ्यात बघू. एका वाचकाच्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) मानवेल जातीचा बांबू आहे. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे शेतातला बांबू तोडून आणायला आता अडचण नाही.

१० मार्च

होळीच्या आधी प्लास्टिकच्या खुर्च्या धुऊन आत टाकल्या. धुताना प्रत्येक खुर्चीचे मागचे पाय बाहेरच्या बाजूला ताणून पाहिले. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं. हातावर पांढरी भुकटी येते, मग पायाच्या वरच्या वळणाला केसासारखी चीर पडते. अशा दोन निघाल्या. तारेनं बांधून वापरात ठेवायच्या नाहीत, भंगारात दिल्या.

२३ मार्च

आता सागवानी बाक. वाढई काका आले. हे बाक त्यांच्याच हातचे, लाकूड गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीकडचं. तिकडच्या सागवानाचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून सागवान रवाना झाला, तेव्हा आमच्या जिल्ह्यात मिरवणूक निघाली होती. पण सागवान म्हटलं की त्याला काही होतच नाही, ही समजूत खरी नाही. उधई (वाळवी) तोंड लावत नाही ते गाभ्याच्या लाकडाला. खोडाच्या बाहेरच्या अंगाचं जे पांढरट लाकूड असतं, ते ती आवडीनं खाते. आमच्या एका बाकाच्या पाठीच्या पट्टीत हा पांढरा भाग आहे, आणि बरोबर तेवढ्याच भागात टोकरलेलं आहे. काकांनी ती पट्टी खुणेनं दाखवली. पाठीची आहे, बसायची नाही, एवढं बरं.

रंग राखाडी झाला आहे. त्याची काळजी करायचं कारण नाही. उन्हानं लाकडाचा अगदी वरचा थर बदलतो, पावसानं तो धुपतो. खाली लाकूड जसंच्या तसं असतं. काकांनी रंध्याचा एकच हात मारून दाखवला, खालून तोच जुना मधाचा रंग. मला राखाडी बाकही आवडतो, पण त्यावर उठलेले रवे कपड्यात अडकतात, मुलींच्या ओढण्यांचे धागे निघतात. म्हणून घासायचं ठरलं. आधी मऊ ब्रश आणि रिठ्याच्या पाण्यानं धुणं, ब्रश रेषेच्या दिशेनं. दोन दिवस सावलीत वाळवणं. मग १२० नंबरचा पेपर, नंतर २२०.

खिळ्यांभोवती काळे डाग आहेत. सागवानातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड ओल्यात भेटलं की असा डाग पडतो. लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवला, धुतला, पुन्हा लावला. बराच फिका पडला. पण लोखंडी खिळे आहेत तोवर तो येतच राहणार. हिवाळ्यात सांध्यांचं काम निघेल तेव्हा पितळी स्क्रू घालून घ्यायचे.

६ एप्रिल

तेल देणं. बाजारात सागवानासाठी म्हणून महागडं तेल मिळतं, त्याची गरज वाटली नाही. आपल्याकडे धान कापायच्या आधी बांधीत लाखोळीबरोबर जवसही शिंपतात, मार्चपर्यंत माल घरात येतो. जवसाचं तेल हवेत सुकतं, लाकडात मुरून घट्ट होतं. करंजाचं किंवा मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल तसं सुकत नाही, ते चिकटच राहतं. बंडीच्या आसाला ठीक, बसायच्या बाकाला नाही.

मात्र घाण्यावरचं कच्चं जवस तेल सुकायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल दिवसाभरात सुकतं, त्यात सुकवणारी रसायनं असतात, म्हणून त्याचा डबा स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवायचा नाही. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. कापडानं चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. पुसणं हेच खरं काम. वर राहिलेलं तेल चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि झडीत नेमकी तिथेच काळी बुरशी धरते. असे पातळ तीन हात, दोन दिवसांच्या अंतरानं.

पायांची टोकं मात्र पितील तेवढी पाजली. लाकडाच्या आडव्या कापाला उघडी नळकांडी असतात, जमिनीची ओल तिथूनच वर चढते. बाक उलटा करून चारही टोकांवर तेल ओतलं. बघता बघता आत गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी थांबलं.

फडक्यांबद्दल वेगळं लिहितेय, कारण हे सांगितलं नाही तर कोणालाही सुचणार नाही. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, काडी लावावी लागत नाही. एप्रिलचं ऊन, शेजारी तनशीचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग. काम संपलं की प्रत्येक फडकं कुंपणाच्या तारेवर सुटं पसरायचं, कडक वाळल्यावरच टाकायचं. पोरांना हे दोनदा समजावून सांगितलं.

२८ एप्रिल

एका सागवानी बाकाचा हात हलतोय. उन्हानं लाकूड आकसलं, कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारं टोक) सांध्यात खुळखुळतोय. वाटलं, पाचर ठोकून टाकावी. काका म्हणाले, “आता पाचर नोको ठोकू बाई. लाकूड सुकलं हाये म्हून ढिलं वाटते. झडी लागली का फुगते, मंग पाचरीले जागा उरत नाही, सांधा फाटते.”

खरं आहे. लाकूड लांबीत फारसं वाढत-घटत नाही, रुंदीत मात्र बरंच. मे महिन्यात ठोकलेली पाचर ऑगस्टमध्ये सांधा फोडते, आणि ऑगस्टमध्ये घट्ट वाटणारा सांधा मे महिन्यात आपोआप ढिला होतो. सांध्याचं काम लाकूड ना फार सुकं ना फार ओलं असताना करायचं, म्हणजे दिवाळीनंतर. तोवर हाताला सुतळीचा वेढा घालून ठेवला आणि कोणी त्यावर भार देऊ नये म्हणून सगळ्यांना सांगितलं.

४ मे

सुट्ट्या लागल्या, बंगईवर दिवसभर पोरं. आधी कड्या तपासल्या. साखळी जाड आहे, तिला काही झालेलं नाही. झीज होते ती आढ्याच्या आकड्याला, जिथे पहिली कडी घासते. आकडा काढून पाहिला : वळणाच्या आत चकचकीत खाच पडलेली, तेवढ्या जागी जाडी निम्म्यावर आलेली. खालून बघणाऱ्याला ही खाच दिसतच नाही, कारण कडी तिच्यावरच बसलेली असते. दोन्ही आकडे नवीन घातले, घासायच्या जागी ग्रीस. दरवर्षी सुट्ट्यांच्या आधी आकडा उतरवूनच बघायचा.

२५ मे

नवतपा लागला. बाजांचं काम या दिवसांसाठीच राखून ठेवलं होतं. नवारीच्या दोन बाजा उकलल्या, सुती नवार गरम पाण्यात धुऊन कुंपणावर टाकली, तासाभरात कडक. माचव्यांच्या (बाजेच्या लाकडी चौकटींच्या) सांध्यांत ढेकूण होते. औषध मारलं नाही. माचवे काळ्या प्लास्टिकात गुंडाळून अंगणाच्या मध्ये दुपारभर ठेवले. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात, आणि या उन्हात काळ्या प्लास्टिकाच्या आत तेवढं सहज होतं.

तिसरी बाज अंबाडीच्या दोरीची. तिची दोरी चांगली आहे, फक्त पायथ्याचा ताण जरा सैल केला. अंबाडीची दोरी भिजली की आकसते. ताणलेली बाज पावसात राहिली तर दोरी चारही गाते (चौकटीची आडवी लाकडं) ओढते आणि एक खूर (पाय) कायमचा वर राहतो. गावात अशा डगमगत्या बाजा घरोघरी आहेत. ताण सैल करायला पाच मिनिटं लागतात.

७ जून

उद्या मृग. पावसाळ्याआधीचं शेवटचं काम. प्रत्येक लाकडी पायाखाली फरशीचा तुकडा बसवला. माती आणि लाकूड यांची गाठ पडू नये, एवढ्या एका गोष्टीनं बाकाचं आयुष्य कितीतरी वाढतं. उधई जमिनीतून मातीच्या नळीतून वर येते. पाय फरशीवर असला की ती नळी फरशीच्या कडेवरून यावी लागते आणि डोळ्यांना दिसते. मागच्या पायांखालची फरशी किंचित खाली घेतली, पाणी मागे निथळून जाईल.

काकांनी पायांच्या तळाला बिब्ब्याचं तेल लावून दिलं. उधईवर हा आपल्याकडचा जुना उपाय. पण बिब्बा अंगावर उततो, म्हणून फक्त तळालाच, हात लागणार नाही अशा जागी, आणि तेही काकांनीच. गावात काही जण गाडीचं जळकं ऑइल फासतात. कुंपणाच्या खांबाला ठीक असेल; बसायच्या सामानाला ते लावायचं नाही. कपडे खराब होतात आणि पावसात ते मातीत, तिथून विहिरीत जातं.

बांबूचा सोफा, बाजा, प्लास्टिकच्या खुर्च्या ओसरीत. सागवानी आणि लोखंडी बाक बाहेरच. त्यांच्यावर ताडपत्री गुंडाळणार नाही. गुंडाळलं की आत वाफ कोंडते, लाकूड उघड्या पावसात होत नाही तेवढं ओलं राहतं. सागवानी बाकांच्या वर चार बांबू रोवून ताडपत्रीचं छप्पर केलं, चारही बाजू मोकळ्या.

१९ जून

पहिला दमदार पाऊस. संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या उधईचे थवे. अंगणातला दिवा दोन दिवस बंद ठेवला, पंख गाळून ती दिव्याखालीच उतरते आणि तिथलं लाकूड शोधते.

निंबोळ्या पडायला लागल्या. सिमेंटच्या बाकावर त्यांचा चिकट चिखल. रोज सकाळी झाडणं.

१६ जुलै

झड. चौथा दिवस, ऊन नाही. काही करण्यासारखं नाही, फक्त सागवानी बाकाच्या पट्ट्यांमधल्या फटीत अडकलेला पाला बांबूच्या काडीनं काढला. पाला राहिला की तिथे ओल धरते.

२२ जुलै

उघडीप. दुसऱ्या बाकाच्या हाताखाली काळे ठिपके, तेल पुसायचं राहिलेल्या जागी. साबणाच्या पाण्यानं ब्रश केला, कोरडं पुसलं. आता तेल द्यायचं नाही, ओल आत कोंडेल.

सिमेंटच्या बाकावर शेवाळ. घासून काढलं, ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकून धुतलं. शेजारचा लोखंडी बाक आधी दूर सरकवला. हे पाणी लोखंडावर उडालं की गंज जोर धरतो. बाकाच्या एका पायाला उभी चीर आहे आणि तिच्यातून तांबूस ओघळ येतोय, म्हणजे आतल्या सळईला पाणी लागलं. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की सिमेंट फोडते. पाऊस संपल्यावर खोदून, सळई साफ करून पुन्हा भरावं लागेल.

३ ऑगस्ट

एका पायाच्या फरशीवर मातीची नळी, पेन्सिलीएवढी जाड. मोडली, आत पांढऱ्या उधया पळत होत्या. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नळी पुन्हा बांधायला घेतलेली. वारूळ जवळच असणार. फरशीची जागा बदलली, बाक ओट्याजवळ घेतला, खालची जमीन खणून उन्हाला उघडी ठेवली. तिथे लाकडाचा जुना ओंडका पुरलेला निघाला, तोच तिचा दाणागोटा. काढून टाकला.

२४ ऑगस्ट

पोळ्याला आखरावर म्हाताऱ्यांना बसायला लोखंडी बाक नेले. नेताना दोन्ही बाजूंनी धरून उचलायचे, ओढायचे नाहीत, एवढीच अट घातली होती. पोरांनी पाळली. परत आल्यावर जिथे रंगाला खरचटलं होतं तिथे कोरडं करून ग्रीसचं बोट फिरवलं. खरा रंग फेब्रुवारीत.

५ ऑक्टोबर

ताडपत्री काढली. बाक लगेच उन्हात ओढायचा मोह होतो. ऑक्टोबरचं ऊन कडक, भिजलेलं लाकूड वरून एकदम सुकलं की टोकांना चिरा जातात. आठवडाभर निंबाच्या सावलीत राहू दिला. लोखंडी बाकांच्या पायातल्या भोकांखाली तांबूस पाण्याचा डाग आहे. पाणी शिरलं होतं आणि निघूनही गेलं. पेचकस दाबून पाहिला, पाय घट्ट.

सिमेंटच्या बाकाची चीर खोदली. सळई तारेच्या ब्रशनं पांढरी केली, सिमेंटचं पाणी लावून बारीक रेतीच्या मालानं भरलं, आठवडाभर ओल्या पोत्यानं झाकून ठेवलं.

१७ नोव्हेंबर

दिवाळी झाली, काका मोकळे. हलणारा सांधा आज उघडला. कुसू साबूत, फक्त एका बाजूनं झिजलेला. काकांनी सागवानाच्याच तुकड्याची पाचर काढली, कुसवाच्या टोकाला करवतीनं एक चीर दिली, पाचर त्या चिरेत अर्धी बसवून कुसू सांध्यात घातला आणि वरून हलक्या हातानं ठोकला. प्रत्येक घावानंतर थांबून आवाज ऐकत होते. आवाज बदलला, भरीव झाला, तिथे हात थांबला. त्यापुढे एकही घाव नाही.

लोखंडी खिळे काढून पितळी स्क्रू घातले. आधी बारीक भोक, मग स्क्रू, नाही तर पट्टीचं टोक फाटतं. उधईनं टोकरलेली पाठीची पट्टी बदलली, नवी पट्टी गाभ्याच्या लाकडाची.

१२ डिसेंबर

थंडी. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांसाठी ओट्यावर कोरडं फडकं टांगून ठेवलं, बसायच्या आधी दव पुसायला. ओसरीतल्या खुर्च्यांची चळत उचलायच्या आधी काठीनं ठोकायची, असा नियम केला. कोपऱ्यात रचलेल्या सामानाखाली विंचू बसतात, आणि मण्यारही उबेला येते.

९ जानेवारी

बुरड काकूंबरोबर धुऱ्यावरची मानवेल बघून आले. काकूंनी पेरांवरून तीन वर्षांच्या वरची निवडून प्रत्येकीला खडूनं खूण केली. पुढच्या आठवड्यात तोड, मग फेब्रुवारी लागेपर्यंत तळ्यात. घाण्यावर नाही, हार्डवेअरमध्ये दोन लिटर डबल बॉइल्ड जवस तेल सांगून ठेवलं. वेल्डिंगवाल्या भाऊंना चौथ्या बाकाच्या एका पायाचा वरचा सांधा दाखवायचा आहे, तिथे रंगाखाली फुगवटा आलाय.